वर्ग घ्या ताई, पण स्वतःची सतरंजी गुंडाळू नका

वाचकाचं पत्र

मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४२. आठ वर्षं नियमित योगासनं करते आहे. गेल्या वर्षी २०० तासांचा योगशिक्षक अभ्यासक्रम पूर्ण केला. वाडीतल्या बायका ‘आम्हालाही शिकव’ म्हणून मागे लागल्या, म्हणून दिवाळीनंतर घराच्या पडवीत रोज सकाळी साडेसहाचा वर्ग सुरू केला. सध्या चौदा जणी येतात. पण तेव्हापासून माझा स्वतःचा सराव जवळजवळ बंद पडलाय आणि उजवी मांडी मागून सारखी धरते. मला अजून भिंतीशिवाय शीर्षासन जमत नाही. कुणी प्रश्न विचारला की पोटात गोळा येतो. मलाच अजून शिकायचंय, मग मला शिकवायचा अधिकार आहे का? फी घ्यावी का? आणि शेजारच्या काकूंची मणक्यातली गादी सरकली आहे, त्या ‘मला बरं करणारी आसनं सांग’ म्हणतात. त्यांना काय सांगू?

उत्तर

ताई, शिकवा. आठ वर्षांचा नियमित सराव आणि रीतसर प्रशिक्षण एवढ्या शिदोरीवर नवशिक्यांचा वर्ग घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र आज चाललंय तसंच चालू ठेवलंत तर वर्ष-दोन वर्षांत सराव जाईल आणि त्याच्या मागोमाग वर्गही. म्हणून आधी तुमच्या सरावाचं बघू, वर्गाचं नंतर.

वर्गात आपण जे करतो तो आपला सराव नव्हे, हे आधी पक्कं करा. त्रिकोणासन दाखवायचं म्हणून तुम्ही थंड अंगाने, उभ्या उभ्या उजवीकडे जाता. जाताना बोलता, त्यामुळे श्वास बोलण्यामागे फरफटतो. डोळे समोरच्या बायकांवर असतात, स्वतःची टाच टेकली की नाही हे बघायला मन शिल्लक राहत नाही. कुणाचा गुडघा वाकलेला दिसला की तसंच परत उजवीकडे. डावीकडची वेळ आली की ‘आता दुसऱ्या बाजूने’ एवढं तोंडी सांगून भागतं. आठवड्याला सहा वर्ग धरले तर दोन बाजूंत किती फरक पडत असेल, तुम्हीच मोजून बघा. शिक्षकांच्या दुखण्यांत हे दुखणं फार नेहमीचं आहे: मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडाला जिथे चिकटतात तिथे ते रोज थोडे थोडे ओढले जातात आणि दुखरे होतात. पाटावर बसल्यावर त्या हाडाशी टोचत असेल आणि पुढे वाकताना तिथेच चमक येत असेल, तर तुमचं दुखणं बहुधा तेच. तीन-चार आठवडे पुढे वाकायची आसनं पूर्ण बंद ठेवा, त्रिकोणासनात हात खुर्चीवर ठेवा, सेतुबंध (पाठीवर झोपून कंबर उचलणं) आणि शलभासन (पोटावर झोपून पाय उचलणं) रोज करा. तेवढ्याने उतरलं नाही, किंवा दुखणं मांडीवरून पोटरीत उतरायला लागलं, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. ताणून मोकळं करायला जाऊ नका. हे दुखणं ताणाने वाढतं.

यापुढे वर्गात एक आसन एकदाच दाखवायचं, वीस सेकंद, तोंड बंद ठेवून. मग उभं राहून शब्दांनी शिकवायचं. सोमवारी उजवीकडे दाखवलंत तर मंगळवारी डावीकडे. समोर तोंड करून शिकवताना त्यांना ‘उजवा पाय’ म्हणत तुम्ही डावा टाकायचा, आरशातल्यासारखा. याची सवय व्हायला महिना जातो, पण त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप वापरल्या जातात. एखादीला ते आसन छान येत असेल तर तिलाच दाखवायला सांगा. तिलाही हुरूप येतो.

आता तुमचा स्वतःचा तास. वर्ग सकाळी ठेवल्यामुळे तुमची सकाळ गेली, खरा घोळ तिथे आहे. वर्ग दुपारी साडेचारला न्या. गावाकडे एकपर्यंत जेवणं उरकतात, म्हणजे साडेतीन तासांचं अंतर मिळतं आणि तेवढं पुरतं. एप्रिल-मे महिन्यांत सव्वापाच करा. सकाळी साडेपाच ते साडेसहा हा तास तुमचा एकटीचा. त्या तासात उद्याच्या वर्गात काय घ्यायचं याची उजळणी करायची नाही. हा मोह सगळ्या नव्या शिक्षकांना होतो आणि सराव त्यातच विरतो. महिन्याचा पहिला आठवडा उभ्याने करायची आसनं, दुसरा बैठी आणि पुढे वाकायची (तुम्ही सध्या इथे पिळाची घ्या), तिसरा मागे वाकायची, चौथा आधार घेऊन केलेली शांत आसनं आणि प्राणायाम. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत महिन्याची अशी वाटणी करून शिकवतात. तिचा फायदा असा की आपल्याला न आवडणारं आसनसुद्धा टाळता येत नाही. पाहुणे आले, घरात आजारपण निघालं, तर तासाऐवजी वीस मिनिटं करा: दहा मिनिटं विपरीत करणी (पाठीवर झोपून पाय भिंतीला लावून वर), दहा मिनिटं शवासन. पण दिवस चुकवू नका. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घ काळ, खंड न पडणं आणि आदर. शिक्षक झालेल्या माणसाकडून यातली मधली गोष्ट सर्वांत आधी सुटते.

शीर्षासनाबद्दल. भिंतीला धरून तीन मिनिटं स्थिर राहता येतंय का, तेवढ्या वेळात खांदे कानांकडे घसरत नाहीत ना, भार कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातावर राहतो की टाळूवर उतरतो, हे बघा. भार टाळूवर येत असेल तर भिंत सोडायची घाई करू नका. दर आठवड्याला पंधरा-वीस सेकंदच वाढवा. या आसनाचा आणि शिकवण्याच्या अधिकाराचा काही संबंध नाही, कारण पहिली दोन वर्षं ते तुम्ही वर्गात घ्यायचंच नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या, डोक्यावरून हंडे-टोपल्या वाहिलेल्या बायकांच्या मानेवर नवशिक्या शिक्षकाने उलटा भार देऊ नये, हे आमचं ठाम मत आहे. सर्वांगासनालाही तेच लागू. त्याऐवजी भिंतीला पाय लावून विपरीत करणी द्या. पायांना तोच आराम मिळतो आणि मान सुटते.

अधिकाराचा प्रश्न आम्ही असा बघतो: एखादं आसन तुम्हाला किती सुंदर येतं ते बाजूला ठेवा. त्यात शिरायचं कसं, बाहेर यायचं कसं, ते कुठे बिघडतं, का बिघडतं, न जमणाऱ्याला कोणता आधार द्यायचा आणि कुणाला ते मुळीच द्यायचं नाही, एवढं सांगता आलं की ते आसन शिकवा. अशी बारा-तेरा आसनं तुमच्याकडे नक्की असतील. पहिल्या तीन महिन्यांना तेवढी पुष्कळ झाली: ताडासन, भिंतीला हात लावून अर्ध उत्तानासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन, दंडासन, बद्धकोणासन, भारद्वाजासन, भुजंगासन, शलभासन, पवनमुक्तासन, सेतुबंध, विपरीत करणी आणि शवासन. बायका ‘काहीतरी नवीन घ्या’ म्हणतील. घेऊ नका. तेच आसन चौथ्यांदा शिकवताना तुम्हाला त्यात जे दिसेल ते पहिल्यांदा दिसलेलं नसेल, आणि तुमचं शिकणं खरं तिथूनच पुढे सरकणार आहे.

नमुन्यादाखल त्रिकोणासनच घेऊ. पायांत तीन ते साडेतीन फूट अंतर. उजवा पाय पूर्ण बाहेर, डावा थोडा आत. उजव्या टाचेची रेघ डाव्या तळव्याच्या कमानीतून जायला हवी. सगळ्यांचा पहिला हट्ट एकच असतो, हात जमिनीला लावायचा. मांडीमागचे स्नायू आखूड असले की खुबा एका मर्यादेपुढे कलत नाही, मग उरलेलं अंतर पाठ भरून काढते: कण्याला बाक येतो, छाती जमिनीकडे वळते, बूड मागे जातं आणि पुढचा गुडघा आतल्या बाजूला पडतो. दुखतो तो गुडघा, पण बिघाड सुरू झालेला असतो हाताच्या हट्टातून. म्हणून उपाय हातापाशी करायचा. फूटभर उंचीचं स्टूल किंवा खुर्चीची बैठक पुढच्या पायाच्या बाहेर ठेवा, हात त्यावर. पाठ भिंतीला लावून उभं करा, म्हणजे बूड मागे जातं ते तिला स्वतःलाच कळेल. गुडघ्याची वाटी वर खेचायला सांगा आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेला आहे ना ते खाली बसून बघा. काहींचे सांधे मुळात सैल असतात, त्यांचा गुडघा मागे धनुष्यासारखा जातो. त्यांना वाटी खेचायला न सांगता पोटरी किंचित पुढे ढकलायला सांगा. नवशिक्यांना वीस सेकंद पुरेत. बाहेर येताना पायांवर दाब देऊन श्वास घेत वर यायचं. पाठीच्या झटक्याने वर आलं तर जे कमावलं ते तिथेच गेलं. ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांचा रक्तदाब वर असतो त्यांनी मान वर वळवायची नाही, समोर बघायचं.

हेच काम वहीत करा. दर आठवड्याला एक आसन, एक पान. वर्ग सुटल्यावर दोन-तीन ओळी: कुणाला काय जमलं नाही, कुठल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या तासात तेच अंगावर करून बघायचं. समजा एकीचे हात डोक्यावर नेताना कोपरं वाकतात. तुम्ही कोपरांच्या वर पट्टा आवळून हात वर न्या. कुठे अडतं, फासळ्या कधी पुढे येतात, दम कुठे कोंडतो हे आतून कळेल आणि संध्याकाळी तुमच्या तोंडी नेमका शब्द येईल. पोटात गोळा येतो म्हणालात, त्यावरही औषध हेच. वर्गात सरळ म्हणा, ‘हे मला आत्ता सांगता येणार नाही, विचारून बुधवारी सांगते’, आणि बुधवारी खरंच सांगा. बायकांचा विश्वास त्याने वाढतो. महिन्यातून एकदा मोबाइल स्टुलावर ठेवून स्वतःच्या वर्गाचा आवाज नोंदवा आणि रात्री दहा मिनिटं ऐका. दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिला का, एका दमात पाच सूचना दिल्या का, शवासनात बडबड किती केली, सगळं उघडं पडतं.

वही भरली की ती दाखवायला वर कुणीतरी हवं. ज्याला गुरू नाही असा योगशिक्षक हळूहळू स्वतःच्याच चुका पाठ करत जातो, आणि त्या चुका त्याच्यापाशी शिकणाऱ्यांच्या अंगात उतरतात. आपल्याकडे जागांची वाण नाही. सांताक्रूझची योग संस्था १९१८पासून आहे, लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये स्थापन केलं, पुण्याची रमामणी अय्यंगार संस्था १९७५पासून चालू आहे. घरबसल्या शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षक पदविका अभ्यासक्रम आहे. रत्नागिरीला कालिदास संस्कृत विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तिथे योगशास्त्राची चौकशी करा. यातली एकच वाट धरा आणि निदान पाच वर्षं धरून ठेवा. इथलं थोडं, तिथलं थोडं केलंत तर एकाच आसनाच्या तीन परस्परविरोधी सूचना डोक्यात बसतात आणि वर्गात गोंधळ उडतो. वर्षातून दोनदा, पाच-सात दिवस प्रत्यक्ष जा. मधल्या काळात महिन्याला एकदा व्हिडिओ कॉलवर वहीतले प्रश्न विचारा.

प्रमाणपत्राचं थोडक्यात. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतलं योग सर्टिफिकेशन बोर्ड २०१८पासून परीक्षा घेतं. ‘योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर’ ही पातळी २०० तासांच्या अभ्यासक्रमाची, ‘योग वेलनेस इन्स्ट्रक्टर’ ४०० तासांची. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही असतं. शाळेत किंवा सरकारी योजनेत काम करायचं असेल तर देऊन टाका. पण २०० तास म्हणजे किती, तर रोज तासभर सराव करणाऱ्याचे सात महिनेसुद्धा नाहीत. पुढचा कुठलाही अभ्यासक्रम निवडताना एकच प्रश्न विचारा: मी शिकवत असताना कुणी अनुभवी माणूस मागे उभं राहून बघणार आहे का, आणि किती तास? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे वाचवा.

वर्गाची मांडणी. एका बाईला हात-पाय पसरून साधारण सात फूट बाय चार फूट जागा लागते. तुमची पडवी वीस बाय दहाची धरली तर सात जणी मावतात. चौदा जणी कोंबल्यात तर वीरभद्रासनात एकीचा हात दुसरीच्या डोळ्यात जाणार, आणि तुम्हाला मागची ओळ दिसणारच नाही. दोन तुकड्या करा: सोम-बुध-शुक्र सात जणी, मंगळ-गुरु-शनि सात जणी, वेळ तीच. तुमचे तास वाढत नाहीत आणि प्रत्येकीकडे बघून होतं. चटया पडवीच्या लांबीला धरून दोन-तीन ओळींत, एकमेकींच्या आड. घराकडच्या भिंतीलगतची जागा ज्यांना आधार लागतो त्यांना.

गुळगुळीत लाद्या असतील तर उभ्याच्या आसनांना सतरंजी अंथरू देऊ नका, ती पायाखालून सरकते. सतरंजी बैठ्या आसनांना आणि शवासनाला. उभ्याने करायचं ते अनवाणी, कोरड्या जमिनीवर. आपल्या दमट हवेत तळव्यांना घाम येतो, प्रत्येकीने पाय पुसायचं फडकं आणायचं. रबरी मॅट वापरत असाल तर पावसाळ्यात ती गुंडाळून फडताळात टाकली की आठ दिवसांत बुरशी धरते. ओल्या फडक्याने पुसून वळचणीखाली दोरीवर सुकवा. पागोळ्यांमुळे पडवीची कड ओली राहते, तिथे कुणालाच उभं करू नका.

तासाभराचा हिशोब: पाच मिनिटं शांत बसणं, दहा मिनिटं सांध्यांच्या हालचाली, तीस मिनिटं सहा-सात आसनं, सात मिनिटं अनुलोम-विलोम, आठ मिनिटं शवासन. श्वास रोखायला सांगू नका, कुंभक हा नवशिक्यांचा विषय नाही. कपालभाती टीव्हीवर बघून सगळ्यांना हवी असते. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गर्भारपण यांत ती द्यायची नाही, आणि पाळीच्या दिवसांतही नाही. जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) शिकवलीत तर पाणी खळखळ उकळून कोमट केलेलं, अर्ध्या लिटरला चहाच्या चमच्याने सपाट चमचाभर मीठ. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मुळातच मचूळ होतं, तेव्हा दुसरं पाणी घ्या, नाहीतर खारटपणाचा अंदाज चुकतो आणि नाक चरचरतं.

वर्गात येणाऱ्या प्रत्येकीची एक पानभर माहिती आधी लिहून घ्या. रक्तदाब आणि त्याची गोळी कोणती, साखर, काचबिंदू, कानाचं दुखणं, गेल्या दोन वर्षांतली ऑपरेशनं, हर्निया, पाळी, पायात मुंग्या येतात का. आणि शेवटी: दिवसभर काय काम करता? आपल्याकडे या शेवटच्या प्रश्नाला फार किंमत आहे. आषाढात लावणीला जाणारी बाई सहा-सात तास कंबरेतून वाकलेली असते. तिला संध्याकाळी पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकणं) देणं म्हणजे दुखऱ्या जागी आणखी ओढणं. तिला सेतुबंध, भुजंगासन आणि दहा मिनिटं विपरीत करणी. मासळीची टोपली डोक्यावर घेणारीची मान दबलेली असते, तिला ताडासनात कवटी वर उचलायला आणि खांदे खाली सोडायला शिकवा, त्याने तिला फार बरं वाटेल. आंब्याच्या दिवसांत झेला (जाळी लावलेली लांब काठी) घेऊन वर बघत फळं काढणाऱ्यांचे खांदे आणि मानेची मागची बाजू आखडते. त्यांना हात वर नेणारी आसनं कमी, पिळाची जास्त. याच बायका उकिडव्या सहज बसतात, पण मुंबईत तीस वर्षं खुर्चीवर नोकरी करून गावी परतलेल्या वहिनींना मांडी घालून बसताच येत नाही, गुडघे कंबरेच्या वर राहतात. त्यांच्याखाली चार इंच घडीचं पांघरूण द्या, गुडघे कंबरेच्या खाली येईपर्यंत उंची वाढवा. तरी जमलं नाही तर खुर्ची. खुर्चीवर बसून केलेला प्राणायाम काही कमी प्रतीचा नसतो.

इन्सुलिन घेणारी कुणी असेल तर जवळ गुळाचा खडा ठेवा आणि तिने वर्गाआधी किती वेळापूर्वी खाल्लंय ते विचारा. छातीत दुखलं, हात जड झाला, घाम सुटला तर पवनमुक्तासन वगैरे काही सुचवत बसू नका, वर्ग तिथेच थांबवून १०८ लावा. आणि पुढे वाकलेल्या बाईची पाठ वरून दाबू नका, कधीच. हात लावायच्या आधी विचारा. शब्दाने सुधारत असेल तर हात लावूच नका.

फी घ्या. जागेची झाडलोट, वीज, पांघरुणं-स्टुलं आणि वर्षातून दोनदा गुरूंकडे जायचा-राहायचा खर्च यांची बेरीज करा, बारा महिन्यांनी भागा, मग चौदांनी भागा. त्यावर तुमच्या वेळेचा मोबदला धरा. शिकायचा खर्च फीमध्ये धरला नाही तर तो घरखर्चातून काढावा लागतो आणि दोन वर्षांत जाणं बंद होतं. जिला परवडत नाही तिच्याकडून घेऊ नका, पण ते तिच्या-तुमच्यातच राहू दे. सगळ्यांना फुकट ठेवलंत तर पावसाची सर आली की निम्म्या जणी येत नाहीत, हे कुठल्याही गावात बघायला मिळेल.

गुरूंकडे जायचे दिवस कोकणचं पंचांगच काढून देतं. शिमग्यात आणि गणपतीत वर्ग भरत नाही, लावणीत निम्म्या जणी शेतात असतात. या सुट्ट्यांना वर्ग बुडाला म्हणू नका. गणपतीत घरात पाहुण्यांचा राबता असतो, तेव्हा जमणार नाही. पण लावणीचा आठवडा आणि गौरी-गणपती उरकल्यानंतरचे दिवस दर वर्षी ठरवून ठेवा आणि चिपळूणहून गाडीचं आरक्षण आधीच करा, कारण गणपतीनंतर परतणाऱ्या चाकरमान्यांमुळे आयत्या वेळी तिकीट मिळत नाही. २१ जूनला शाळेतून बोलावणं येईल. तेव्हा आयुष मंत्रालयाचा ठरलेला ४५ मिनिटांचा कार्यक्रम घ्या, स्वतःचं काही जोडू नका. दीडशे मुलं ओल्या फरशीवर असतात, तिथे एकेकाकडे बघणं होत नाही. वाचनाला आठवड्याला एक योगसूत्र. एकूण १९५ आहेत, म्हणजे पावणेचार वर्षांचा पाठ झाला.

राहिल्या काकू. ‘मी बरं करीन’ असं त्यांना म्हणू नका. योगोपचार हे वेगळं शिक्षण आहे, त्याच्या परीक्षाही वेगळ्या आहेत. आधी विचारा: दुखणं गुडघ्याखाली उतरतं का, पाऊल बधिर होतं का, चप्पल पायातून नकळत सुटते का, लघवीवरचा ताबा कमी झालाय का. शेवटचं ‘हो’ असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात. बाकीचं काही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून, ‘व्यायाम चालेल’ असं कागदावर लिहून आणायला सांगा. तोपर्यंत शवासनाची एक रीत शिकवा: पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर, गुडघे काटकोनात, डोक्याखाली पातळ घडी, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. उठताना आधी कुशीवर वळून मग हाताच्या आधाराने. त्यानेही पायात कळ वाढली तर तेही थांबवायचं. कागद आला की त्यांना भिंतीलगतची जागा द्या आणि पहिला महिनाभर ताडासन, भिंतीला हात लावून केलेलं अर्ध उत्तानासन (पाठ सपाट, भिंतीवरचे हात कंबरेच्या उंचीहून वर, पाठीला बाक येऊ द्यायचा नाही) आणि हे खुर्चीचं शवासन एवढंच करू द्या. बाकीच्या जणी पुढचं करत असताना काकू पडून राहिल्या तरी चालेल, तसं सगळ्यांसमोर आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना कानकोंडं वाटणार नाही. महिन्याने काय फरक पडला ते वहीत लिहून पुढच्या खेपेला गुरूंसमोर ठेवा, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय त्यात चौथं आसन घालू नका.